मधल्या खोलीतला फोन

१

हौशीराम मिस्त्रीची बोटं विहिरीत कुणाला सापडली नाहीत. शोधली मात्र सगळ्यांनी, कारण शोधताना बोलावं लागत नाही.

बोलायचं ते एकच होतं. मिस्त्री विहिरीतल्या कट्ट्यावर बसून, मोटर आणि पंप यांना जोडणाऱ्या कपलिंगमध्ये उजवा हात घालून काम करत असताना मोटर सुरू केली कुणी?

ही मोटर जागेवर जाऊन चालू करायची नव्हती. विहीर खोडदच्या माळावर, घरापासून लांब. त्यामुळे विहिरीवरच्या खांबाला स्टार्टरची पेटी आणि त्या पेटीत सिमकार्ड. त्या नंबरला एक रिंग देऊन फोन ठेवला की मोटर चालू. रिंग वाजत राहू दिली की बंद. अशी पेटी आता पुष्कळ शेतांत असते. भगवंत आणि सुदर्शन या दोघा भावांच्या पेटीची तऱ्हा मात्र निराळी होती. ती फक्त एका नंबरचं ऐकायची, घरातल्या लँडलाइनचं.

त्याचं असं झालं. वाटण्या झाल्या तेव्हा जमीन वाटली, गोठा वाटला, चुली वेगळ्या झाल्या. विहीर सामाईक राहिली आणि पाण्याच्या पाळ्या लागल्या. मोबाइलवरून मोटर चालवायची म्हटल्यावर भगवंत म्हणाला, हा अंथरुणात पडल्या पडल्या माझं पाणी चोरील. सुदर्शन म्हणाला, चोराच्या मनात चांदणं. शेवटी बसलेल्या चार माणसांनी तोडगा काढला. दोघांच्या दारांमध्ये आईची खोली आहे. आईच्या खोलीत बापाच्या वेळचा, तांब्याच्या तारेवरचा फोन आहे. पेटीत त्याचाच नंबर घाला. ज्याला पाणी हवं त्यानं आईसमोर यावं आणि रिंग द्यावी. भावाच्या डोळ्यांत धूळ फेकता येते, आईच्या डोळ्यांदेखत पाणी चोरायला निदान दोनदा विचार करावा लागतो.

एरवीही त्या घरात मोबाइलला रेंज नव्हती. ती गावाशेजारच्या रेडिओ दुर्बिणीच्या तबकड्यांमुळे नाही की मधल्या टेकाडामुळे, हे कुणालाच नक्की सांगता येत नाही. गाव सोयीप्रमाणे दोन्ही कारणं वापरतं.

म्हणजे हिशेब सरळ होता. मोटर सुरू झाली ती आईच्या खोलीतून. आणि त्याच आठवड्यात सुदर्शनने चारचौघांत हौशीरामला सांगितलं होतं, "तुझा हात तोडून ठेवीन." मागची मोटर जळाली तेव्हा ती सुदर्शनच्या पाळीत कोरडी चालली म्हणून जळाली, असं मिस्त्रीने खरं ते सांगून टाकलं होतं, त्याचा तो राग.

हात तोडीन म्हणाला, आणि हात तुटला. गावाला यापेक्षा जास्त पुरावा लागत नाही. फौजदारांनाही फारसा लागला नसता. ते पोलीस पाटलीण तेजस्विनीला म्हणाले, "उद्या न्यायला येतो. तोवर दुसरं काही निघालं तर सांगा ताई. निघणार नाही म्हणा."

तेजस्विनी "बरं" म्हणाली. तिच्या रानात कांद्याची लागण चालू होती, बायका खोळंबल्या होत्या, आणि टाचा दुखत होत्या. पोलीस पाटलाला पोलीस आपला समजत नाहीत आणि गाव परका समजतं. दोन्हीकडचा कंटाळा मात्र त्याच्या एकट्याच्या वाट्याला येतो.

२

ती प्रश्न कमी विचारायची. माणूस सांगतो ते जमेला धरायचं, गाळतो ते नावे टाकायचं, आणि ताळा बसला नाही की पुन्हा चहाला जायचं, एवढीच तिची पद्धत.

भगवंतचा चहा गोड होता आणि तोंड कडू.

"त्या दिवशी पाळी माझी व्हती ताई. मोटर घरघर करायला लागली म्हणून हौशीरामला बोलावलं. इथंच बसून च्या पिला त्यानं. म्हनला, मी विहिरीवर जातो, तुमी जरा वेळानं रिंग द्या, थोडी चालू द्या, आवाज ऐकतो, मग बंद करा. आनि त्याच्यानंतर फोनला कुनी हात लावायचा न्हाई."

"मग?"

"मग काय? रिंग दिली, चालू केली. पुन्यांदा लावून बंद केली. फोन ठेवला आनि मी बी विहिरीवर गेलो. तो आत उतरला, मी वर काठावर. हात घातला आनि…" भगवंतने कप खाली ठेवला. "मोटरच फिरली ताई. माझ्या डोळ्यांदेखत."

"वीज तोडायला पेटीतले कटआउट काढले नव्हते?"

"न्हाई ना. त्याचं गुडघं दुखत्यात. सारखं वर यायचं, कटआउट काढायचं, पुन्यांदा खाली जायचं. म्हनला, फोनला कुनी हात लावनार न्हाई म्हनल्यावर वीज असून नसल्यागत."

"सुदर्शनला माहीत होतं, मिस्त्री उतरलाय ते?"

"दारातच व्हता की तो. त्याच्या समोर सांगितलं मिस्त्रीनं. 'कुनी हात लावायचा न्हाई' म्हनला, तवा सुदर्शन त्वांड फिरवून गेला."

"घरात मग कोण राहिलं?"

भगवंतने बोटांवर मोजलं, पण मोजण्यासारखी माणसं फार नव्हती. "माझी बायको आळेफाट्याला गेलेली. माझी लेक श्रेया कालेजात. त्याची बायको माहेरी. राहिली आई." तो थांबला आणि पुढचं जड मनाने बोलल्यासारखं करत, पण न अडखळता बोलला, "आनि तो."

"आईने लावला असेल फोन?"

भगवंत हसला. त्या दिवसांत तो पहिल्यांदाच हसला असावा. "आमची आई? ताई, तिला पाच आनि सहातला फरक न्हाई कळत. उभ्या जन्मात तिनं नंबर फिरवला न्हाई."

हे खरं होतं. सगळ्या गावाला माहीत होतं. अडचण अशी की जे सगळ्या गावाला माहीत असतं ते तपासून पाहायला कुणी जात नाही.

३

मधल्या खोलीत दोघांची आई, कुशाबाई, लसूण सोलत बसल्या होत्या. फोन खिडकीत, खाली विणलेला रुमाल. आकड्यांची बटणं पुसट झालेली. एका बटणावर मात्र लाल नेलपॉलिशचा ठिपका होता, आणि तो मधोमध झिजलेला.

"बस गं बाई," कुशाबाई म्हणाल्या. "तू बी तेच इचारायला आली आसशील. पाटलीन झाल्यापास्नं पानी प्यायला कधी आली न्हाईस."

"पाणी पण पिते, मावशी. त्या दिवशी दुपारी इथं कोण आलं होतं?"

"कुनी न्हाई."

उत्तर फार लवकर आलं. म्हाताऱ्या माणसाला विचारलेलं आधी नीट ऐकू यावं लागतं, मग आठवावं लागतं, मग बाकीच्या चार गोष्टी सांगून झाल्या की उत्तर येतं. हे उत्तर आधीच सोलून ठेवलेलं होतं.

"सुदर्शन?"

"पाळी नसताना त्यो कशाला येतोय? बोलत्यात का त्ये दोघं? ह्याच्या दारात त्यो येत न्हाई, त्याच्या दारात ह्यो जात न्हाई. मी आपली मधी, दोन बैलांच्या मधल्या जोखडावानी."

"आणि फोन कुणी उचलला?"

"कोन उचलनार? आता फोन म्हनजे नावाला राहिलाय. पोरं मोटरीला उचलत्यात तेवढाच. न्हाईतर मी आपली रत्नाला रिंग देते, त्यात बी काय राम न्हाई."

रत्ना म्हणजे कुशाबाईंची लेक, पेठला दिलेली.

"का? काय झालं?"

कुशाबाईंना एवढंच हवं होतं. लसूण बाजूला गेला. "बाई, मी रोज दुपारी एक रिंग देते आनि ठेवते. म्हनजे तिला कळतं, आई मोकळी हाय. मग ती तिकडून फोन करती. आमच्या भगवंताला बिल नको. त्या दिवशी रिंग दिली, बसले वाट बघत. तिचा फोन न्हाई. इकडं येवढा आकांत झाला, आनि लेकीला आठवन न्हाई! दुसऱ्या दिवशी म्हनती कशी, 'आई, तुझी रिंग आलीच न्हाई.' आता मी काय खोटं बोलतीय?"

तेजस्विनीने हे ऐकलं, मान डोलावली आणि सोडून दिलं. मायलेकींची भांडणं पोलीस पाटलाच्या कामात धरत नाहीत. धरली तर दुसरं काम उरणार नाही.

ती उठून दारात आली, तर समोर म्हैस घेऊन भागू उभा. भागूचा गोठा थेट कुशाबाईंच्या दारासमोर. त्याला कुणी विचारलं नव्हतं, म्हणून तो दुखावलेला होता.

"पाटलीनबाई, आमाला बी डोळं हायेत बरं का."

"काय दिसलं डोळ्यांना?"

"विहिरीवर वरडा झाला ना, तवा ह्या दारातनं सुदर्शन बाहेर आला. पळतच. आनि हात असे," भागूने ओला पंजा सदऱ्याला पुसून दाखवला, "पुसत व्हता. त्वांड बी पुसलं."

मागे खोलीत लसूण सोलायचा आवाज थांबला.

४

सुदर्शन ओट्यावर बसला होता. हा माणूस ग्रामसभेत नळाच्या गळक्या तोटीवरून तासभर बोलतो. बसमध्ये कंडक्टरशी भांडतो, कीर्तनात बुवांना थांबवतो. आज त्याच्यावर माणूस अपंग केल्याचा आळ होता, आणि तो विडीच्या थोटकाकडे पाहत होता.

"तुम्ही आईच्या खोलीत होता," तेजस्विनी म्हणाली.

"कोन म्हनलं?"

"डोळ्यांनी पाहिलं म्हणणारा आहे."

"भाग्या." सुदर्शनने शिवी दिली, पण तीही नेहमीच्या तालात नव्हती. "व्हतो. मग?"

"कशाला गेला होता?"

सुदर्शनने थोटूक दुसऱ्या हातात घेतलं.

"हात कशाने ओले होते, भाऊ?"

त्याने दोन्ही पंजे मांडीखाली घातले. "भगवंताला सांगायचं न्हाई."

"बरं."

"जेवत व्हतो." त्याने हे असं सांगितलं, की त्यापेक्षा बोटं कापल्याची कबुली सोपी गेली असती. "बायको माहेरी गेल्यापास्नं आई मला तिच्या ताटातलं अर्धं काढून ठेवती. आईचं ताट येतं भगवंताच्या चुलीवरनं. तो विहिरीवर गेला, की मी मागच्या अंगानं येतो. चारचौघांत मी म्हनलेलो, तुझ्या घरचं पानी बी पिनार न्हाई. आता काय सांगू? पानी पीत न्हाई, भाकर खातो?"

तेजस्विनीला हसू आलं, पण ते तिने आत ठेवलं. म्हातारी खोटं का बोलली ते कळलं. एका लेकाची अब्रू आणि दुसऱ्याच्या चुलीवरची भाकरी, दोन्ही झाकायची तर "कुनी न्हाई" हेच उत्तर.

"मग हे फौजदारांना सांगा की. जेवत होतो, फोनला हात लावला नाही. आई साक्ष देईल."

"नको."

"का?"

"आईला कुनी काय इचारायचं न्हाई." तो उठून उभा राहिला. आता आवाज नेहमीचा झाला होता. "मला न्यायचं तर न्या. मी म्हनलेलो हात तोडीन, झालं ना? लिहा की मीच केलं."

"केलंत?"

त्याने विडी पायाखाली चिरडली. "लिहा म्हनलं ना राव!"

तेजस्विनी परत निघाली. माणूस भाकरीच्या लाजेपायी एवढं लपवेल, पण तुरुंगात जाणार नाही. भाकरीची कबुली तर त्याने देऊन टाकली होती. तरीही ताळ्यात मोठी रक्कम राहत होती. तो घाबरलेला होता, आणि स्वतःसाठी नाही.

५

ती पुन्हा मधल्या खोलीत आली ती खरं तर चप्पल घालायला. एक चप्पल तिथेच राहिली होती, आणि ते तिला अर्ध्या वाटेवर कळलं होतं. एवढं दमलेलं माणूस तपास कसला करणार?

फोन वाजला. कुशाबाईंनी उचलला आणि ऐकता ऐकता कपाळाला आठी घातली. "हां, दिली आज रिंग. आज बरी आली! धर, पाटलीनबाई बसलीय, तिलाच सांग तुझं शाणपन." रिसीव्हर तेजस्विनीच्या हातात आला.

"ताई," पलीकडून रत्ना म्हणाली, "तुमी तरी आईला समजवा. ती मला रोज घालून पाडून बोलतीय. त्या दिवशी खरंच रिंग आली न्हाई. मी मोबाइल हातात घेऊन बसलेली. एवढी वाट बघितली आन मग मीच लावला, तर उचलायला कुनी नव्हतं. मी काय खोटं बोलू?"

"रोज येते रिंग?"

"रोज. एक दिवस चुकत न्हाई. तोच एक दिवस चुकला."

तेजस्विनी रिसीव्हर धरून उभी राहिली. आई म्हणते दिली. लेक म्हणते आली नाही. दोघी रडकुंडीला येऊन सांगताहेत, दोघींना खोटं बोलून मिळायचं काही नाही. गावाने, घराने, तिने स्वतःसुद्धा हे मायलेकींचं भांडण म्हणून सोडून दिलं होतं. पण दोघी खरं बोलत असतील तर?

दिलेली रिंग आणि न आलेली रिंग. मग ती रिंग गेली कुठे?

तिने फोन ठेवला. "मावशी, तुम्हाला नंबर लावता येत नाही ना? मग रत्नाला रिंग कशी देता?"

"अगं, त्याला काय येवढं? आमच्या श्रेयानं करून दिलंय." कुशाबाईंनी लाल ठिपक्यावर बोट ठेवलं. "ह्ये रत्नाचं बटन."

६

श्रेया कॉलेजातून आली तेव्हा तेजस्विनी फाट्यावरच्या निवाऱ्यात बसलेली होती.

"आजीच्या फोनवरचं लाल बटण कसलं गं?"

"ते? रिडायल." श्रेयाने सॅक खाली ठेवली. "तो फोन इतका जुना आहे ना काकू, त्यात नंबर साठवता येत नाही. मग मी सकाळी निघायच्या आधी आत्याचा नंबर लावून लगेच कट करते. शेवटचा नंबर आत्याचा राहतो. दुपारी आजी नुसतं ते बटण दाबते. तिला वाटतं ते आत्याचंच बटण आहे. मीही सांगत बसले नाही. कळलं असतं का तिला?"

"आणि मोटरीचा फोन?"

"तो रोज माझ्या आधी लागतो, सकाळी वीज आली की लगेच. बंद करायला लागत नाही, वीज गेली की मोटर आपली आपण थांबते. माझ्यानंतर फोनला कुणी…" श्रेया बोलता बोलता थांबली. हुशार मुलगी होती. हुशारी कधी कधी चेहऱ्यावर फार लवकर दिसते.

तेजस्विनीने तिचा हात धरला. "त्या दिवशी तुझ्यानंतर भगवंतने मिस्त्रीला आवाज ऐकवायला मोटर चालू केली आणि बंद केली. शेवटचा नंबर कुणाचा राहिला?"

श्रेयाच्या डोळ्यांत पाणी आलं. "मी सांगायला पाहिजे होतं आजीला…"

"तू चांगलं केलंस. भगवंतनेही सांगितलं तेच केलं. आजीने रोजचंच केलं. मिस्त्रीने सगळ्यांना सांगितलं, ज्यांना फोन लावता येतो त्या सगळ्यांना." तेजस्विनी उठली. तिच्या टाचा आता दुखत नव्हत्या, किंवा कळत नव्हतं. "एक रिंग देऊन फोन ठेवायचा, ही आपल्याकडची काटकसर. पेटीलाही नेमकी तीच खूण शिकवलेली. घरी जा. कुणाला काही बोलू नकोस, बापालासुद्धा नाही."

सुदर्शन अजून ओट्यावरच होता. ती समोर बसली.

"तुम्ही जेवत होता. आईने तुमच्यासमोर बटण दाबलं, एक रिंग दिली, ठेवला. तेव्हा तुम्हाला काही वाटलं नाही."

सुदर्शनने वर पाहिलं नाही.

"मग कधी कळलं?"

"ती रत्नाशी भांडली तवा," तो खाली बघूनच म्हणाला. "म्हनली, रिंग दिली, रिंग दिली. माझ्या डोस्क्यात लख पडलं. भगवंतानं मोटर बंद करताना मी खिडकीखाली उभा व्हतो, तो जायची वाट बघत. त्याच्यावर आईनं ते शेवटचा नंबर लावनारं बटन दाबलेलं." त्याने तोंडावरून हात फिरवला. "ताई, तिला कळलं तर ती अन्न सोडंल. हौशीरामला ती न्हानपनी दूध पाजायची, त्याची आई आजारी व्हती तवा. तुमी मला न्या. मी तसाबी बदनामच हाये, आजून थोडा झालो तर काय फरक पडतोय?"

"पडतो. फौजदारांना खरं सांगितलं तर ते आईचा जबाब घ्यायला येतील. खोटं सांगितलं तर तुम्ही जाल. तिसरं काही करायचं असेल तर ते माझ्या हातात नाही, तुमच्याही नाही."

"मग कुनाच्या?"

"ज्याचा हात गेला त्याच्या."

सुदर्शन ओट्यावरून उतरला आणि भिंतीला टेकून उकिडवा बसला. "त्याला सांगू नका," तो म्हणाला. पण ती निघाली होती.

७

हौशीरामचं घर ओढ्याच्या पलीकडे. अंगणात जुन्या मोटरींची वेटोळी पडलेली, तांब्याची तार उलगडून टांगलेली. तो बाजेवर बसून डाव्या हाताने शर्टाचं बटण लावायचा प्रयत्न करत होता. उजवा हात पांढऱ्या गाठोड्यासारखा मांडीवर.

तेजस्विनीने सगळं सांगितलं. गाळलं काही नाही, भाकरीसुद्धा नाही. ऐकताना त्याने बटण लावायचं सोडून दिलं.

"म्हातारीला ठावं हाय?"

"नाही."

"हं." तो तारेच्या वेटोळ्यांकडे बघत राहिला. "ताई, मी रोज सकाळी उठलो, की सुदर्शनला शिव्या घालतो. तेवढ्यानं जरा बरं वाटतं. हात ठणकला की शिवी, घास सांडला की शिवी. आता तुमी येऊन माझा तो बी माणूस काढून घेतला. आता मी शिव्या कुनाला घालू?"

तेजस्विनीने पायाशी आलेलं तारेचं टोक वेटोळ्यात सरकवलं.

"मी सगळ्यांना सांगितलं फोनला हात लावू नका," हौशीराम म्हणाला. "म्हातारी तिथंच बसलेली. शेंगा फोडत व्हती. तिच्याकडं बघितलं बी न्हाई मी. वाटलं, हिला काय सांगायचं?" त्याने मांडीवरचं गाठोडं सावरलं. "आनि कटआउट खिशात न्हाईत, ते बी ठावं व्हतं. विहिरीच्या पायऱ्या चढायचा कटाळा."

"तक्रार तुमची आहे. राहू द्यायची तर राहू द्या. मी खरं तेच सांगेन फौजदारांना. मग जे होईल ते."

"उद्या कवा येत्यात?"

"सकाळी."

"मग आपन आधी पोचू."

सकाळी फौजदारांची गाडी आली तेव्हा दोघा भावांच्या दारात हौशीराम मिस्त्री बसलेला होता, कुशाबाईंच्या उंबऱ्यावर, चौकटीला पाठ टेकून. भगवंत एका बाजूला, सुदर्शन दुसऱ्या बाजूला, मध्ये भागू आणि त्याची म्हैस, आणि बाकी गाव. हौशीरामने सर्वांसमोर सांगितलं, कटआउट न काढता हात घातला, चूक माझी आहे, तक्रार मागे घेतो. फौजदार बाजूला येऊन तेजस्विनीला म्हणाले, "आणि मोटर?" तिने त्यांना गाडीपाशी नेऊन खरं काय ते सांगितलं. ते टोपी काढून डोकं खाजवत बराच वेळ उभे राहिले. मग म्हणाले, "म्हातारीचा जबाब कशाला पाहिजे? फिर्यादीच नाही म्हणतो." दमलेले तेही होते.

तेजस्विनी परत आली आणि भगवंतला म्हणाली, "पेटीतून या फोनचा नंबर काढा. पाण्याचं दुसरं काहीतरी ठरवा. हा फोन आता फक्त बोलायला."

"का बरं?" भगवंतने विचारलं.

"मी सांगते म्हणून."

सुदर्शन जागचा हलला नव्हता. त्याने हौशीरामकडे पाहिलं, हौशीरामने त्याच्याकडे. सुदर्शन काहीतरी बोलायला गेला आणि त्याला शब्द सापडला नाही. गावाला ही बातमी हाताच्या बातमीपेक्षा मोठी वाटली.

तेवढ्यात कुशाबाई बाहेर आल्या. त्यांनी हौशीरामच्या हाताचं ते पांढरं गाठोडं पहिल्यांदाच जवळून पाहिलं, आणि त्यांचा आवाज एकदम चढला.

"अरे माझ्या लेकरा! कुनाचं वाकडं केलं व्हतं रं तू? ज्यानं कुनी हा हात तोडला ना, त्याचं कधी बरं व्हायचं न्हाई! त्याला ह्या जन्मात पानी…"

"मावशे." हौशीरामने डावा हात वर केला आणि त्यांच्या तोंडापुढे धरला. "बास. म्या केलं ते. शिव्या मला लागत्यात."

"तू आत बसलेला, तू कशी रं चालू करशील?"

सुदर्शनने मान खाली घातली. श्रेया दारातून आत गेली.

"मला ठावं न्हाई कशी," हौशीराम म्हणाला. "पन म्याच केली. तुमी आपल्या शिव्या घालू नका मावशे. कुनालाच नका घालू."

कुशाबाईंनी त्याच्याकडे पाहिलं, मग सुदर्शनकडे, मग तेजस्विनीकडे. तेजस्विनी चपलेचा अंगठा नीट करत होती. म्हातारीचे ओठ हलले, पण पुढचं वाक्य आलं नाही. त्या हळूच उंबऱ्यावर, हौशीरामच्या शेजारी बसल्या, आणि त्याच्या शर्टाचं राहिलेलं बटण लावू लागल्या.